शिसपेन्सिल

गिरमिट पिळत पिळत खाली जातं
आणि दर दोन वेढ्यांना मक्वाला थांबते,
कान देते. रेताड माती किरकिरते,
चिकण माती गप्प बसते.
वीस सेंटिमीटर. एक मूठ. पिशवी. गाठ.
आत चिठ्ठी, शिसपेन्सिलीनं लिहिलेली,
कारण शाई ओलीत पसरते
आणि पसरलेल्या आकड्यावर
कुणाचा विश्वास बसत नाही.

इमेरेतीतल्या या गावात त्या वसंतात
आम्ही एकशे चाळीस परसं उकरली.
लोकांनी आधी हसून घेतलं:
मातीचं काय बघायचं? ती खालीच तर असते.
ओतियानं सकाळी नऊलाच पेला भरून वाइन दिली,
म्हणाला, हा घ्या माझ्या मातीचा अहवाल.
एका अंगणात कुत्र्यानं पिशवी पळवली.
आणि एका म्हाताऱ्यानं भोकात वाकून, अगदी हळू, विचारलं,
खाली सोनं लागलं तर ते कुणाचं?

शाळेच्या व्यायामखोलीत वर्तमानपत्रांवर
माती वाळत घातली.
वाळल्यावर कळलं, काळी म्हणून आणलेली
एकही नुसती काळी नव्हती:
एक कॉफीच्या गाळासारखी,
एक उंदराच्या पाठीसारखी,
आणि एक अशी, की रंगांच्या पुस्तकात
मक्वालाला तिचं पान सापडेना;
दोन पानांच्या मधे बोट घालून
ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

जूनमध्ये अहवाल आला.
सामू, चुना, सेंद्रिय कर्ब, सगळं ठीक.
शेवटच्या रकान्यात शिसं.
बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या कुंपणापासून
ओढ्याच्या वळणापर्यंत, अकरा परसं.
आणि वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या होत्या:
जे सापडेल ते सगळ्यांचं.
नकाशा शाळेच्या भिंतीवर. खोलीला कुलूप नाही.

एकशे बारा नंबरची त्सियाला
आदल्या संध्याकाळी आली,
हातात कोथिंबिरीची जुडी.
तीस वर्षं, म्हणाली, बाजारात माझी कोथिंबीर
माझ्या नावानं विकली जाते.
माझा ठिपका तांबडा करू नका.
पांढरा सोडा. पिशवी हरवली म्हणा,
कुत्र्यानं नेली म्हणा.
नाहीतर जमीन मातीमोल होईल,
असं म्हणाली
आणि स्वतःच्याच शब्दाला अडखळली.

मक्वालानं जुडी घेतली नाही, सारलीही नाही.
टेबलावर दोघींच्या मधे पडून राहिली ती,
खोलीभर तिचाच वास.
मी खिडकीतून बाहेर बघत होतो,
जणू बाहेर काही होतं.
मग मक्वालानं विचारलं,
नातू अजून तुझ्याकडेच जेवतो का?

दुसऱ्या दिवशी नकाशा लागला.
लोक आले, आधी स्वतःचं घर शोधत,
मग शेजाऱ्याचं.
ओतियाचा ठिपका हिरवा, तरी तो हसला नाही.
कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, कारखान्यात आम्हीच तर होतो कामाला.
त्यावर कोणी काही बोललं नाही.
त्सियालानं एकशे बारावर बोट ठेवलं,
खूप दाबून, पुसलं जाईल असं वाटून की काय;
मग एकशे तेरावर, मग अकरावर.
वळून म्हणाली, हे वरच्या वीस सेंटिमीटरचं झालं.
खाली कुठवर गेलंय?

आम्हाला माहीत नव्हतं.

म्हणून आज पुन्हा तिच्या वाफ्यात उभे आहोत.
कोथिंबीर उपटून बांधाला टाकलीय,
गिरमिट तिच्याच हातात आहे,
दर दोन वेढ्यांना ती थांबते, कान देते.
चाळीस सेंटिमीटर. एक मूठ. पिशवी.
चिठ्ठी लिहायला मी पेन्सिल पुढे केली,
तिनं सवयीनं टोक जिभेला लावलं
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, थांबा!

पेन्सिलीत शिसं नसतं. नाव तेवढं आहे.
मला ते ठाऊक होतं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
टोक पुन्हा ओलं केलं,
आणि गोल गोल जॉर्जियन अक्षरांत, ठसठशीत,
नंबराच्या आधी
स्वतःचं नाव लिहिलं.