आत काय ठेवणार?

टिंबर मार्केटात विचारलं,
प्लाय कशासाठी, किचन की वॉर्डरोब?
बेस गिटारच्या स्पीकरसाठी पेटी, म्हटल्यावर
दुकानदारानं माझ्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं
आणि अठरा एमएमचा भाव पन्नासनं वाढवला.

टेम्पोत आठ बाय चारचा तो तक्ता उभा,
मी त्याला धरून मागे.
सेव्हन लव्हज चौकात ब्रेक लागला
तसा तो माझ्या खांद्यावर रेलला,
जेवणावळीनंतरच्या मित्रासारखा, जड.

एकतीस वर्षांच्या फोटोंत मी डावीकडे,
अर्धा कापलेला.
एकतीस वर्षं उसन्या पेट्यांतून वाजवलं,
कुणाची तरी चाकं, कुणाचं तरी हँडल,
कार्यक्रम संपला की परत.

क्वार्टर गेटजवळ याकोब आढाव यांचं दुकान.
त्यांच्याइतका काटकोन कुणाला जमत नाही,
असं आमचा ड्रमर केर्सी म्हणाला होता.
ते शवपेट्या करतात
हे सांगायचं त्यानं टाळलं.

आढावांनी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.
आत काय ठेवणार?
हवा, मी म्हटलं. साठ लिटर.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
आमच्यात माप माणसाचं घेतात,
हवेचं तुम्हीच सांगा.

दुसरा शनिवार, चौथा शनिवार,
आणि बँकेत टाकलेली एक खोटी रजा.
भुसा भुवयांत, फेव्हिकॉल नखांत.
क्लॅम्प कमी पडले तेव्हा
ते स्वतःच पेटीवर बसले, चिकटेपर्यंत,
दोन कप चहा आणि एक पेपर.
म्हणाले, माझ्या पेट्यांतून आजवर
कधी आवाज आला नाही.
आणि पहिल्यांदा हसले.

जिगसॉनं बारा इंची भोक पाडलं.
पडलेली चकती त्यांच्या नातीनं पळवली,
तिच्या भातुकलीला ओटा झाला.
पोर्टसाठी चार इंची पाइप खांद्यावर घेऊन आलो,
सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच म्हणाले,
तुंबलं का पुन्हा?
अस्तर गादीवाल्याकडचं.
रेक्झिन काळं, रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या मुश्ताककडून.
कोपरा दुमडताना त्यानं जीभ दातांत धरली होती,
सुटल्यावर म्हणाला,
बाकी कुठंही घाई करा, इथं नाही.
इथली जन्मभर दिसते.

गळती शोधायची रीत आढावांचीच.
तुमच्या घरी उदबत्ती असेल ना? आणा.
मी सगळ्यात जाड तार छेडत राहिलो
आणि ते सांध्यासांध्यावरून धूर फिरवत गेले,
ओवाळल्यासारखे.
मागच्या खालच्या कोपऱ्यात धूर थरथरला.
तिथं बोटभर एमसील.
पैसे देताना म्हणाले, ही परत बघायला मिळेल मला,
एवढं एक बरं.

बिबवेवाडी, तिसरा मजला, रात्रीचे साडेनऊ.
पहिलाच सूर, आणि त्याच्या मागे खरखर.
पेटी आडवी केली, उभी केली, कान लावला.
पेटी ठीक होती.
शोकेसची काच. फ्लास्कचं झाकण.
पंचवीस वर्षांच्या सेवेचं प्रशस्तिपत्र, खिळ्यावर.
बेडरूमच्या दाराची वरची बिजागरी.
सगळं घर माझ्याबरोबर वाजत होतं, बेसूर.

स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक आवळत गेलो.
हेमलता दारात उभी.
बिजागरीचं मी अठरा वर्षं सांगतेय, म्हणाली.
पुन्हा तार. अजून काहीतरी किणकिणत होतं,
बारीक, अगदी जवळ.
शोकेस नाही. खिडकी नाही.
मान वळवली तर
तिनं पेटीवर हात ठेवला होता, तळवा पसरून,
आणि मनगटात बांगड्या
एकमेकींना लागत होत्या.

काढ, असं काही मी म्हणालो नाही.
तीच तार पुन्हा छेडली,
जरा हळू.