उजवा कोपरा

पहिल्या वर्षी आम्ही केळ्याला टोचलं.
परुळेकर बाई म्हणाल्या,
केळं ओरडत नाही, म्हणून त्याच्यावर काही कळत नाही,
तरी टोचा.
मग एकमेकींना. राजापूरच्या शाहीन सोलकरने
माझ्या डाव्या हातात तीनदा सुई घातली,
तिन्हीदा कोरडी, आणि रडली तीच.
तो निळा डाग दसऱ्यापर्यंत टिकला.

आई देवगडच्या बाजारात सुरमई कापते.
तिला शोधावं लागत नाही काही,
कोयता आपला आपण काट्याच्या कडेने जातो.
"इतक्या कठीण काय असा गो त्यात?"
मी म्हटलं, माझा मासा जिवंत असतो
आणि माझ्याकडे बघत असतो.

जांभळ्या टोपणाची नळी आठ वेळा उलटसुलट, अलगद.
हलवायची नाही. घुसळायची नाही.
शंभर पेशी मोजायच्या, नव्व्याण्णव नाहीत.
रंग काचेवर दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं
घड्याळात बघायची, मनात नाही.
खाडीवरून वारा सुटला की वीज जायची,
मग सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवायचा.
समुद्राचा उजेड पेशींच्या खालून वर यायचा.
हे कुठल्या पेपरात विचारलं नाही.

शेवटचे सहा महिने ग्रामीण रुग्णालयात, घाडींच्या हाताखाली.
हत्तीरोगाचे जंतू दिवसा रक्तात सापडत नाहीत,
रात्री होड्या सुटाव्यात तसे बाहेर पडतात.
म्हणून आम्हीही दहानंतर निघालो, तांबळडेगला,
टॉर्च, काचा, स्पिरिटचा बोळा,
आणि प्रत्येक अंगणात वेगळा कुत्रा.
भिकाजी तारी दारातच म्हणाले,
"रातीचा रगत मागतंत
ती भुता तरी असतली, नायतर सरकार."
आणि बोट पुढे केलं.

सकाळी काचा एक्केचाळीस.
नावं चाळीस काचांवर.
यादीत उरलेलं नाव एकच होतं, तारींचं.
मी म्हटलं, त्यांचीच असणार.
घाडींनी चष्मा काढला. असा माणूस कधी चिडत नाही,
त्यामुळे जास्त भीती वाटते.
"'असणार' हा शब्द या खोलीत चालत नाही."
काच त्यांनी माझ्यासमोर जंतुनाशकाच्या बादलीत टाकली.
टप् असा आवाज झाला.
यात जंतू असले तर?
"असतील. पण कुणाचे?"

त्या रात्री मी पुन्हा गेले, एकटी, शेवटच्या रिक्षाने.
तारी जागेच होते, जाळ्याची भोकं विणत.
"काल चुकलंस काय गो?"
हो म्हटलं.
"सांगलंस ता बरा केलंस," म्हणाले,
आणि या वेळी दुसरं बोट दिलं.
आधी नाव लिहिलं. मग थेंब.

काचेत काय निघालं ते सांगायचं नसतं.
तेही शिकवलेलं आहे.

त्या रिपोर्टवर सही घाडींची होती.
सगळ्याच रिपोर्टांवर. उजवा खालचा कोपरा
माझ्या हातून जायचा रिकामा
आणि त्यांच्या टेबलावरून परत यायचा भरून.
परीक्षा झाली, तोंडी झाली,
परिषदेच्या नोंदणीसाठी
दहावीच्या दाखल्यावरचं आईचं चुकलेलं नाव
दोनदा दुरुस्त करून आणावं लागलं,
मग एका पाकिटातून आला पाच आकडी नंबर.
आई म्हणाली, होडीक असता तसो काय?
तसाच. नंबर नसेल तर समुद्रात जायचं नाही.

पहिली सही केली ती मिठबावच्या एका बाईच्या रिपोर्टवर.
हिमोग्लोबिन बारा पूर्णांक एक.
साखर ठीक. काही नाही, सगळं जिथल्या तिथे.
ती बाहेर बाकावर मुलाला शेंगदाणे सोलून देत होती,
तिला घाई होती, एसटी होती.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि नळीवरचं नाव वाचलं.
मग यादीतलं.
मग पुन्हा नळीवरचं.