हात

पिरानच्या मिठागरांत, ओहोटीच्या वेळी
कालव्याच्या तळाचा गाळ काढला.
काळा, थंड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. डबा नऊ, झाकण निळं.
लिविओने नाव काठाशी धरून ठेवली होती. म्हणाला,
हे घेऊन व्हिएन्नाच्या गाडीत बसणार तू?
बसले.
तीन बाकांवरची माणसं उठून गेली.

मग सहा वर्षं.
अंधार. वीस अंश. प्राणवायूचा कणसुद्धा नको.
नळीत आर्किया, आणि सोबतीला ते दुसरे
ज्यांच्यावाचून यांना जगताच येत नाही.
वेगळे काढले की मरतात.
(पाच वेळा काढून पाहिले.)
शेजारच्या टेबलावर वाल्ट्राउड यीस्ट वाढवते,
दीड तासात तिच्या एकाचे दोन.
माझ्याकडे एकाचे दोन व्हायला पंधरवडा.
ती विचारायची, नेविया,
हा प्रयोग आहे की नवस?

आई तेव्हा मिठागरातच.
वाफ्याच्या तळाशी एक साय असते, जिवंत,
तिच्यामुळे मीठ चिखलाला शिवत नाही.
ती फाटू नये म्हणून पायांना फळ्या बांधून चालायचं.
सूक्ष्मजीव हा शब्द आईने माझ्याकडून ऐकला.
त्याआधी चाळीस वर्षं
ती त्यांच्या अंगावरून जपून चालत आली होती.

सातव्या वर्षी, मार्चमध्ये, नळी जराशी गढुळली.
थेंब गोठवला, भिंगाखाली धरला.
मधे एक गोळा.
आणि त्याच्यातून निघालेले हात,
लांब, वाकडे, मधेच फुगलेले,
कुठे जायचं ते न ठरवता निघाल्यासारखे.

हातांच्या आत दोरे.
ॲक्टिन.
अमिबा ज्याच्या जोरावर सरकतो,
आईचं मनगट ज्याच्या जोरावर मीठ ओढतं,
आत्ता ही ओळ संपताना तुमची बुबुळं
ज्याच्या जोरावर खालच्या ओळीवर उतरली,
ते प्रथिन. तेच. फक्त गावंढ्या उच्चारात.
केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत,
घराचा अजून पायासुद्धा खणलेला नाही
आणि सुताराची अवजारं येऊन पडलेली.

त्याच हिवाळ्यात आईची उजवी बाजू गेली.
मूठ मिटली ती मिटलीच.
डाव्या हातात फोटो धरून तिने विचारलं,
हे कुणाला धरतायत?

मी सांगितलं.
दोन अब्ज वर्षांपूर्वी, यांच्याच भाऊबंदांपैकी कुणीतरी
एक जिवाणू आत घेतला.
तो पचला नाही. तिथेच राहिला,
आणि आता आपल्या पेशीपेशीत चूल होऊन पेटतो.
गिळला होता, की कवेत घेता घेता आत आला,
यावर लोक अजून भांडतात,
एकमेकांना पाण्यात पाहतात.

आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, खाल्ल्या मिठाला जागला म्हणावं
तर इथे जागला तोच, ज्याला खाल्लं.
आणि थोड्या वेळाने, आवाज जड, अर्ध्या तोंडाने:
आमची आणि बेनेचिचांची मधली भिंत
एका वादळात पडली, तुझ्या जन्माआधी.
तेवढ्यापुरतं म्हणून एका चुलीवर रांधलं.
पुढे भिंत घालायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.
गिळलं-बिळलं कुणी कुणाला नाही.

मला सांगायचं होतं की हा पुरावा नाही.
नाही सांगितलं.

रात्री तिची मूठ कोमट पाण्यात धुतली.
एकेक बोट उघडायचं, सांध्यात अडकलेलं मीठ पुसायचं.
उघडलेली बोटं सावकाश परत वळली
आणि माझ्या अंगठ्याभोवती मिटली.
मी नाही हं केलं, आई म्हणाली,
तो आपला आपणच धरतो.

सोमवारी नळ्यांना खाऊ घालायचं होतं,
गाडी सहा पन्नासची.
अंगठा तसाच राहू दिला.