हरकत

नोटीस आली तेव्हा मी दाढी करत होतो.
मालकाचे नाव: निंबा दगा पगार. बरोबर.
घर: सिडको, तिसरी स्कीम. बरोबर.
क्षेत्रफळ त्रेसष्ट पूर्णांक चार चौरस मीटर,
पैकी नऊ पूर्णांक दोन अनिवासी.
तिथे वस्तरा थांबला.

अनिवासी म्हणजे काय, शकूने विचारलं.
जिथे कुणी राहत नाही ते, मी म्हणालो,
आणि आम्ही दोघांनी पुढच्या पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं
जिथे ती तेवीस वर्षं बसली होती.

एकतीस वर्षं अंबडला लेथवर काढली मी.
शाफ्टवर केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडला
तर जॉब परत यायचा, वर सुपरवायझरची शिवी.
महापालिकेचा पोरगा गेटाबाहेरूनच
मोबाईल वर करून घर मोजून गेला.
पाणीसुद्धा नको म्हणाला.

म्हणून रविवारी स्टीलचा टेप काढला.
शकूने एक टोक धरलं. टेप पोटात ढिला पडायचा,
मी ओरडायचो, ताण, ताण.
जिन्याखाली मोजलं, मोरी मोजली,
कपाटामागे चौकटची राणी सापडली,
तिच्यावाचून आम्ही किती उन्हाळे खेळलो.
दोनदा मोजून एकोणसाठ पूर्णांक एक.
तिसऱ्यांदा मोजायला ती तयार नव्हती.

अर्ज खैरनारांच्या पोरीने लिहिला.
म्हटलं, नम्र विनंती वगैरे नको,
माप चुकलंय, असं लिही.
तिने दोन्ही लिहिलं.

सुनावणीला बाकावर आम्ही नऊजण.
पाथर्डी फाट्याच्या एका बाईंना
नसलेल्या दुसऱ्या मजल्याची पट्टी आली होती.
त्या म्हणत होत्या, मग बांधून तरी द्या.

माझा नंबर सव्वातीनला लागला.
साहेबांनी माझा नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा.
मापाचं मान्य, म्हणाले. पण ही पाटी?
फोटोत पाटी होती:
पिको-फॉल करून मिळेल.

मशीन विकून दोन वर्षं झाली, साहेब.
एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाय.
मशीन फोटोत नाही, ते म्हणाले, पाटी आहे.
ती काढून नवा फोटो आणा,
आणि धंदा चालत नाही असं लिहून द्या.
दिलं. सही केली, खाली तारीख.

पाटीचे खिळे गंजले होते.
एक तुटला, तो भिंतीतच आहे.
मागे तेव्हाचा पिस्ता रंग, दोन फूट बाय सव्वा फूट,
काल दिल्यासारखा.
शकू आत डाळ निवडत होती, बाहेर आली नाही.
नंतर पाहिलं तर पाटी दिवाणाखाली,
पुसून, जुन्या परकरात गुंडाळलेली.

आदेश आला: वर्षाला दोन हजार तीनशे सत्तर कमी.
आकडा तिला दोनदा वाचून दाखवला.
हं, म्हणाली. जिरे संपलेत.

आणि गुरुवारी अहिऱ्यांची सून साडी घेऊन आली.
काकू, पाटी कुठं गेली?
झालं बंद, शकू म्हणाली,
आणि म्हणता म्हणता काठ उलटा करून पाहिला.
लग्न कधीचंय?
रविवारचं.
ठेवून जा.

आता रात्रीचे दहा.
पुढचा बल्ब लावू नका, म्हणते.
आत ट्यूबखाली, माझ्या गुडघ्यांवर काठ ताणलेला,
ती हातानेच फॉल लावतेय.
ताण, म्हणते मधूनच, ताण.
हातभर झालं की दोरा संपतो
आणि सुई माझ्याकडे येते.
नेढं अर्धा मिलीमीटर, जेमतेम.
मी दोऱ्याचं टोक ओलं करतो, श्वास धरतो.

पैसे घेणारेस का, विचारतो,
लिहून दिलंय मी.

ती नुसता हात पुढे करून बसलीय,
सुईसाठी.