पलीकडं गेलेल्यांचा रकाना

पावणेसहाला फुलेवाडी सोडते मी.
डिकीत फूटपट्टी, पांढरा खडू, रबरी हातमोजे
आणि ती वही, जिच्यावर सातवीच्या पोरांनी
मागून हळूच लिहून ठेवलंय:
"पाटणेबाईंचं मेलेल्यांचं हजेरीपत्रक".

बालिंग्याचा पूल, खाली धुकं,
पुढं दोन्ही अंगांना ऊस.
मी रस्ता तपासत जाते,
लाल खुणा आधीच कुणीतरी करून ठेवलेल्या असतात.

किलोमीटर अकरा: दिवड, साडेतीन फूट, शेपूट अजून ओलं.
चौदा: बेडूक. किती, ते सांगता येत नाही,
चाकांनी त्यांची एकच बेरीज करून टाकलीय.
सोळा: कांडेचोर, मादी.
आचळांत दूध होतं.
त्याला वहीत रकाना नाही. लिहिलं नाही.

प्रत्येकाभोवती खडूनं गोल,
उद्या चुकून दुसऱ्यांदा मोजायला नको म्हणून;
मग काठीनं उचलून कडेच्या घाणेरीत.

पहिलं वर्षभर वाटायचं, मोजणं हीच मदत.
आकडा झाला की कुणीतरी येईल,
पाटी लावील, गतिरोधक घालील.
आकडा झाला चारशे बारा.
साहेबांनी फाईल हातात तोलली
आणि विचारलं, "यात जनावरं किती?
म्हणजे, गाय-म्हैस?"

कळ्याच्या टपरीवर इलाही शिकलगार भेटायचा,
दूध संघाचा टेम्पो घेऊन रोज पहाटे
गगनबावड्याकडनं खाली येणारा.
"बाई, मेल्यालं मोजता न्हवं?
मग यादी माझ्याकडनंच घ्या की. निम्मी माझीच असतील."
हसला.
मग बशी तशीच हातात धरून म्हणाला,
"चाकाखाली आलं की कळतंय.
मागं क्यान हलत्यात. दूध हिंदकळतंय. बास, तेवढंच."

मी त्याला रातवा सांगितला:
दिवसाचं ऊन डांबर रात्री परत देतं,
त्या उबेला बसतो तो, भर रस्त्यात.
"ती लाल-लाल व्हय? उजेडात चमकत्यात ती?
मला वाटायचं, कुणी बिडीची थोटकं टाकल्यात."
बराच वेळ चहा प्याला नाही त्यानं.

आणि त्यानं मला मोरी सांगितली,
जी कुठल्याच नकाशात नव्हती.
मांडुकलीच्या अलीकडं, वड्याजवळ.
(गावाच्या नावातच मंडूक आहे, असं मला वाटतं.
इलाहीला ते पटत नाही.)
"मोरी बुजलीया. खालनं वाट न्हाई,
मग बेडकं वरनं येणार न्हाईत तर काय."
एका रविवारी पाच पोरं, दोन खोरी, आम्ही दोघं.
निघालं काय: खताची पोती, उसाचं पाचट,
कुणाची तरी ओटी, हिरव्या खणासकट,
आणि एकाच पायाचं कोल्हापुरी पायताण.
पोरांनी ते दिवसभर डोक्यावर मिरवलं.

मग एकदा पहाटे चार दहाला फोन.
"बाई, रातवा हाय. दिवा बंद केला, तरी उठंना.
खाली उतरून टाळी वाजवली.
गेला पलीकडं.
आता ह्ये कुठं लिवायचं?"

छापील तक्त्यात तारीख, वेळ, जात, लांबी,
मृत्यूचं कारण.
मी दिवा लावला. वहीच्या समासात पट्टी ठेवली
आणि एक उभी रेघ ओढली.
थोडी वाकडीच आली.

आकडा फार उतरलाय असं नाही.
परवाच सुतगिरणीच्या वळणावर घोणस,
पोटात एकोणीस पिल्लं;
सातवीतल्या मुग्धानं मोजली, न रडता,
मग शाळेत पूर्ण दिवस कुणाशी बोलली नाही.
ट्रक वाढलेत. रस्ता रुंद होणार म्हणतात.

आज किलोमीटर सतरावर
एक खडूचा गोल दिसला, माझा नसलेला,
अंडाकृती, घाईत काढलेला.
स्कूटर उभी केली. पट्टी काढली.
आत काहीच नव्हतं.

हातमोजा उतरवून तळवा टेकवला.
चैत्रातलं डांबर,
अजून कोमट होतं.