दीड तास पुढे

रोलाच्या मागच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर,
फ्रिजवर चिकटवलेला कागद:
जिशा सात ते साडेसात,
मारिविक साडेसात ते आठ,
मी आठ ते साडेआठ.
चौथीचं नाव खोडलंय, ती कुवेतला गेली.
तिची हिंगाची डबी मात्र
अजून आमच्या कपाटाला वास देते.

कंपनीची बस जबल अलीहून सहाला सुटते.
सुटते म्हणजे फक्त सुटते.
पुढे लाल दिव्यांची रांग,
आणि मागच्या सीटवरचा स्टोअरकीपर रोज म्हणतो,
"आज त्यातल्या त्यात बरं आहे."

आठ वीसला मी कुलूप काढते.
गडहिंग्लजला तेव्हा दहाला दहा कमी.
ऋजुताचे डोळे दहाला मिटतात,
कुणी बटण दाबावं तसे.

दहा मिनिटांत कांदा चिरून होतो,
फोडणी तडतडायच्या आत वेळ संपते.
नाहीतर दहा मिनिटांत
सहाचा पाढा,
वर्गात कोण कुणाशी बोलत नाही,
आणि पडलेल्या दाताची जागा,
कॅमेऱ्याला तोंड चिकटवून दाखवलेली.

म्हणून पाच पराठ्यांचं गोठलेलं पाकीट.
म्हणून डाळीची चंदेरी पिशवी:
कोपरा कापा, दीड मिनिट ठेवा.
पाकिटावरची बाई पळी घेऊन हसते.
तिची बस कधी चुकलेली दिसत नाही.

सासूबाई म्हणतात, "आयतं खाऊन हाडं ठिसूळ होतील."
होतीलही.
त्यांनी बांधून दिलेला कुकर पलंगाखाली आहे.
त्यात मी पावत्या ठेवते,
घरी पैसे पाठवल्याच्या.
शिट्टी काढून ठेवलीय, रबर वाळून गेलंय,
पण झाकण अजून घट्ट बसतं.

आणि आळस? आहे की. लपवू कशाला.
रविवारी ओटा दिवसभर मोकळा असतो,
तरी मी लोळत बिर्याणी मागवते.
घेऊन आलेल्या पोराला एकदा विचारलं, तू काय खातोस?
म्हणाला, खोलीत अकरा जण आहोत,
पाळीपाळीने रांधतो. काल माझी पाळी होती.
डाळ करपली, तरी सगळ्यांनी भांडं पुसून खाल्लं.
सांगताना हेल्मेटमध्ये हसत होता.
दार लावल्यावर कितीतरी वेळ
मला त्या करपल्या डाळीचा हेवा वाटत राहिला.
बिर्याणी तशी चांगली होती.

परवा फोनवर चित्र थिजलं, आवाज चालू राहिला.
"आई, काय केलंस जेवायला?"
"वरण-भात."
नेमका मागे मायक्रोवेव्ह थांबला.
ती जरा गप्प झाली.
"तुझं वरण टिंग वाजतं?"
म्हटलं, इकडचं वाजतं.
"मग शिट्टी?"
शिट्टी नसते गं इकडे.

तेव्हा तिनेच काढली,
दाताच्या फटीतून,
एक.
बऱ्याच वेळाने दुसरी.
तिसरी अर्ध्यातच हवा होऊन गेली
आणि नुसता श्वास ऐकू येत राहिला.

फोन कापला नाही.
स्पीकर चालू ठेवून
ओट्याशी उभ्यानेच डाळ खाल्ली.
कडेने चटका बसत होता,
मधे अजून बर्फ होता.