नीट

लिनारेस. रात्रीचे सव्वाअकरा.
अंपारोच्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या कादंबरीचं
पान एकशे बारा,
आणि घशात काटा अडकावा तसा एक शब्द: नीनी.
ना शिकतो, ना कमावतो.
दोन नकार, एकमेकांच्या कुशीत झोपलेले.

इंग्रजीत काय लिहायचं?
आळशी? पण आळशाला निदान
टाळायला तरी काम लागतं.
उनाड? हा तर सोफ्यावरून हलत नाही.
कोश सांगतो: नीट.
सरकारी तक्त्यातली चार आद्याक्षरं.
ज्याचं काहीच नीट लागलेलं नाही
त्याचं नाव नीट.
ती पेन्सिल आपटते.

आतल्या खोलीत इस्माएल, चोवीस वर्षांचा,
कानाला हेडफोन.
कारखाना बंद पडला तेव्हा हा शाळेत होता;
आता अर्जांची उत्तरं येणंही बंद झालंय.
तिसऱ्या मजल्यावरच्या एलादियाबाईंचा
नारिंगी सिलिंडर दर मंगळवारी तोच वर नेतो,
पण ते कुठल्या रकान्यात भरायचं?

ती दारात उभी राहून विचारते.
तो एक कान मोकळा करतो.
"ग्रिम्सबीचा डॅरल माहितीये ना, रात्री खेळतो माझ्याबरोबर?
त्याला विचारलं, काय करतोस,
की म्हणतो, थोडं हे, थोडं ते."
"हे म्हणजे?"
"काही नाही."
"आणि ते?"
"तेही नाही, आई."

ती परत येऊन लिहिते: थोडं हे, थोडं ते.
खोडते.
पुन्हा लिहिते, तसंच ठेवते.

जिन्याखाली भरलेला सिलिंडर.
उद्या मंगळवार.